अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख

रायगड जिल्ह्यात कुंडलिका नदीच्या काठी रोहे हे गाव आहे. सह्याद्रीत उगम पावणारी ही नदी रोह्यावरून पुढे वाहत जाते आणि रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते. सुमारे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या गावात द्वारकानाथ गणेश देशमुख नावाचे एक वकील राहत होते. त्यांच्या पत्नीचे नाव भागीरथीबाई. महाडजवळच्या नाते या गावी १४ जानेवारी १८९६ रोजी या दांपत्याला मुलगा झाला. त्याचे नाव चिंतामण. नाते हे गाव रायगड किल्ल्याच्या वाटेवर आहे. हा मुलगा पुढे भारताच्या रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर आणि देशाचा अर्थमंत्री झाला. लोक त्यांना आदराने चिंतामणराव म्हणत. त्यांचे पूर्ण नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख. वर्तमानपत्रांत ते सी. डी. देशमुख या नावाने प्रसिद्ध होते.

त्या काळी आपल्या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. अलिबागच्या समुद्रातील कुलाबा किल्ल्यावरून ते पडले होते. बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८१ साली, त्याचे नाव रायगड असे झाले. म्हणून जुन्या कागदपत्रांत चिंतामणराव हे कुलाब्याचे खासदार असा उल्लेख आढळतो. कुलाबा म्हणजे मुंबईतले कुलाबा असा घोटाळा पुष्कळांचा होतो, तो करू नये.

चिंतामणचे बालपण रोह्यात गेले. रोहे आणि तळे येथे सुरुवातीचे शिक्षण झाल्यावर तो मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कुलात गेला. १९१२ साली तो मॅट्रिकच्या परीक्षेत संपूर्ण मुंबई विद्यापीठात पहिला आला. संस्कृत विषयासाठी असलेली मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यालाच मिळाली. तेव्हाचे मुंबई विद्यापीठ फार विस्तीर्ण होते. सिंधपासून कर्नाटकापर्यंतची मुले त्या परीक्षेला बसत. त्या सर्वांत किनाऱ्यालगतच्या एका लहान गावातला मुलगा पहिला यावा, याचे लोकांना मोठे नवल वाटले.

पुढे तो इंग्लंडला केंब्रिज येथे शिकला. तेथे त्याने वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे विषय घेतले. वनस्पतिशास्त्रात त्याला बक्षीसही मिळाले. झाडाफुलांची ही आवड त्यांना जन्मभर राहिली. १९१८ साली इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेत तो पहिला आला. या परीक्षेला थोडक्यात आय. सी. एस. म्हणत. ती पास होणाऱ्याला इंग्रज सरकारात मोठ्या अधिकाराची नोकरी मिळत असे.

येथे या तरुणापुढे पहिला कठीण प्रश्न उभा राहिला. देशात स्वातंत्र्याची चळवळ वाढत होती. इंग्रजांची नोकरी करावी, की ती सोडून देशकार्यात पडावे? लोकमान्य टिळक त्या वेळी लंडनमध्ये होते. चिंतामणरावांनी त्यांची भेट घेतली आणि आपली अडचण सांगितली. टिळकांनी त्यांना नोकरी सोडण्याचा सल्ला दिला नाही. राज्यकारभाराचा अनुभव घ्या, देश स्वतंत्र झाल्यावर अशा अनुभवी माणसांची गरज पडेल, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या टिळकांना इंग्रज सरकारने मंडालेच्या तुरुंगात टाकले होते, त्यांनीच हा सल्ला दिला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

चिंतामणराव नोकरीत शिरले. मध्यप्रांत आणि वऱ्हाड या भागात त्यांनी सुमारे वीस वर्षे काम केले. जमिनीची मोजणी, शेतसारा, प्रांताचा जमाखर्च ही सारी कामे त्यांनी हाताखालून घातली. १९३१ साली लंडनला दुसरी गोलमेज परिषद भरली. महात्मा गांधी तिला हजर होते. त्या परिषदेच्या सचिवांपैकी चिंतामणराव एक होते. १९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले आणि १९४३ साली तिचे गव्हर्नर झाले. त्याआधीचे दोन्ही गव्हर्नर इंग्रज होते.

रिझर्व्ह बँकेतील त्यांचे काम येथे सविस्तर सांगता येणार नाही. दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. १९४४ साली अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे ४४ देशांची परिषद झाली. जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी या संस्था या परिषदेतून जन्मल्या. भारताच्या प्रतिनिधींमध्ये चिंतामणराव होते. दुसरी गोष्ट फाळणीच्या वेळची. १९४७ साली देशाचे दोन भाग झाले, पण पाकिस्तानची स्वतःची मध्यवर्ती बँक अजून उभी राहायची होती. म्हणून ३० जून १९४८ पर्यंत एकच रिझर्व्ह बँक दोन्ही देशांचे काम पाहत होती. त्या काळात भारतीय नोटांवर इंग्रजीत आणि उर्दूत पाकिस्तान सरकारचे नाव छापून त्या तिकडे चालवल्या जात. दोन देशांत कटुता असताना हा व्यवहार सांभाळणे फार नाजूक काम होते.

पंडित नेहरूंनी १९५० साली चिंतामणरावांना नियोजन मंडळावर घेतले आणि त्याच वर्षी १ जूनला त्यांना अर्थमंत्री केले. टिळकांनी सांगितलेला दिवस असा उजाडला. ते राजकीय पुढारी नव्हते. तुरुंगात गेलेले नव्हते. मोठमोठ्या सभा गाजवण्याचाही त्यांना सराव नव्हता. तरी १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते आपल्याच कुलाबा मतदारसंघातून काँग्रेसतर्फे उभे राहिले. या जिल्ह्यात शेतकरी कामगार पक्षाचा जोर होता. उरण-पेणकडचे मिठागरातील मजूर, अलिबागकडचे शेतकरी, मुरूड-श्रीवर्धनकडचे नारळी-पोफळीचे बागायतदार, किनाऱ्यावरचे कोळी आणि जहाजांवर काम करणारे खलाशी, असा हा मतदारसंघ. चिंतामणराव निवडून आले आणि लोकसभेत कुलाब्याचे प्रतिनिधी म्हणून बसू लागले.

अर्थमंत्री म्हटले की आपल्याला अंदाजपत्रक आठवते. येणाऱ्या वर्षात सरकारला किती पैसे मिळतील आणि ते कशावर खर्च होतील, याचा हिशेब म्हणजे अंदाजपत्रक. १९५१ ते १९५६ पर्यंत दर वर्षी चिंतामणरावांनी ते संसदेपुढे मांडले. पहिली पंचवार्षिक योजना याच काळातली. १९५५ पासून अंदाजपत्रकाचे कागद इंग्रजीबरोबर हिंदीतही छापले जाऊ लागले. इंग्रजी न येणाऱ्या खासदाराला आपल्या देशाचा हिशेब त्यामुळे वाचता येऊ लागला. सरकारी कागद लोकांच्या भाषेत असणे हासुद्धा न्यायाचाच भाग आहे. उर्दूतून शिकणाऱ्या आणि मराठी दुसरी भाषा म्हणून वाचणाऱ्या तुम्हा विद्यार्थ्यांना हे अधिक सांगायला नको.

परंतु चिंतामणरावांचे संसदेतील खरे काम अंदाजपत्रकापुरते नव्हते. त्यांनी काही कायदे संसदेत मांडले आणि मंजूर करून घेतले. ते वरवर पाहता पैशाविषयीचे कायदे होते. नीट पाहिले तर त्यांत न्यायाचा प्रश्न होता.

पहिले उदाहरण वारशाचे. श्रीमंत माणूस मरण पावला की त्याची सारी दौलत मुलांकडे जाते. ज्याने काहीच कष्ट केले नाहीत, त्याला लाखो रुपये मिळतात आणि ज्याचे आईबाप गरीब, त्याला काहीच मिळत नाही. अशा मोठ्या मालमत्तेचा काही भाग सरकारने कररूपाने घ्यावा, असे विधेयक चिंतामणरावांनी आणले. विधेयक म्हणजे कायद्याचा मसुदा. त्यावर संसदेत कसून चर्चा झाली. कोणाला हा कर फार जड वाटला, कोणाला फार हलका. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेचे काय करायचे, हाही प्रश्न निघाला. अखेर १९५३ साली कायदा झाला. त्याला इस्टेट ड्यूटीचा कायदा म्हणत. पुढे १९८५ साली हा कर रद्द करण्यात आला, कारण त्यातून फारसे पैसे हाती येत नव्हते.

दुसरे उदाहरण कंपन्यांचे. पुष्कळ लोक थोडे थोडे पैसे घालून कंपनीचे भाग विकत घेतात. ते भागधारक. कंपनी खरे तर त्यांच्या मालकीची. पण त्या काळी बहुतेक मोठ्या कंपन्यांचा कारभार मॅनेजिंग एजंट नावाची मंडळी पाहत. पैसा हजारो लोकांचा, पण किल्ल्या चार-दोन घराण्यांच्या हाती. एजंटाने भरमसाट मोबदला घेतला किंवा पैसा दुसरीकडे वळवला, तरी लहान भागधारकाला काही करता येत नसे. चिंतामणरावांनी १९५३ साली कंपन्यांविषयीचे नवे विधेयक संसदेत मांडले. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीने ते तपासले. १९५५ साली लोकसभेत त्याच्या एकेका कलमावर दिवसच्या दिवस चर्चा चालली. मॅनेजिंग एजन्सी ताबडतोब बंद करा, असे काही खासदार म्हणत होते. काही म्हणत होते, असे केले तर कारखानेच बंद पडतील. चिंतामणरावांनी मधला मार्ग काढला. एजंटांवर कडक बंधने घातली, त्यांच्या मोबदल्याला मर्यादा घातली आणि पुढे ही पद्धत बंद करण्याची वाट मोकळी ठेवली. ती १९७० मध्ये पूर्णपणे बंद झाली. १९५६ च्या या कायद्यात ६५८ कलमे होती. एवढ्या कलमांचा तपशील डोक्यात ठेवून उत्तरे देणे सोपे नव्हते. आणि हे काम चिंतामणरावांनी जितके चांगले केले, तितके त्या मंत्रिमंडळात दुसऱ्या कोणाला जमले असते असे वाटत नाही.

तिसरे उदाहरण कोकणातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या घरचे आहे. पेरणीच्या वेळी शेतकऱ्याला पैसे लागतात. ते कोण देतो? रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये देशभर पाहणी केली. तिचा अहवाल १९५४ साली आला. शेतकरी जे कर्ज घेत होते, त्यापैकी सरकारकडून सुमारे ३ टक्के, सहकारी संस्थांकडून सुमारे ३ टक्के आणि व्यापारी बँकांकडून जेमतेम १ टक्का मिळत होते. बाकी बहुतेक सारे सावकाराकडून. बँका मोठ्या शहरांत होत्या. खेड्यात त्यांना नफा दिसत नव्हता. तेव्हा इंपीरियल बँक ही देशातली सर्वांत मोठी व्यापारी बँक होती. ती सरकारने ताब्यात घ्यावी आणि तिच्या शाखा लहान गावांत उघडाव्यात, असे अहवालात सुचवले होते. चिंतामणरावांनी डिसेंबर १९५४ मध्ये लोकसभेत सरकारचा तसा निर्णय जाहीर केला. पुढच्या वर्षी कायदा झाला आणि १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक ऑफ इंडिया सुरू झाली. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर घातले होते. आज आपल्या तालुक्याच्या गावी स्टेट बँकेची पाटी दिसते, तिच्यामागे ही हकीकत आहे.

विम्याची गोष्ट याहून नाट्यमय आहे. माणूस आयुष्यभर विम्याचे हप्ते भरतो, ते आपल्यामागे बायकामुलांची सोय व्हावी म्हणून. काही विमा कंपन्यांचे मालक हे पैसे स्वतःच्या धंद्यात वापरत होते. डिसेंबर १९५५ मध्ये फिरोज गांधी या खासदारांनी लोकसभेत अशा गैरव्यवहारांवर जोरदार भाषण केले. सरकारची तयारी आतून चालूच होती. पण आधी चर्चा केली असती, तर कंपन्यांनी पैसे हलवले असते. म्हणून सारे गुप्त ठेवले गेले. १९ जानेवारी १९५६ च्या रात्री चिंतामणरावांनी आकाशवाणीवरून सांगितले, की आयुर्विम्याचा सारा कारभार सरकार हाती घेत आहे. एका वटहुकमाने २४५ लहानमोठ्या संस्थांचा कारभार सरकारकडे आला. नंतर संसदेने कायदा मंजूर केला आणि आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले.

ज्या आठवड्यात चिंतामणराव हे भाषण करत होते, त्याच आठवड्यात मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबार चालू होता.

हे समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे. स्वातंत्र्यानंतर भाषेप्रमाणे राज्ये व्हावीत, अशी लोकांची मागणी होती. डिसेंबर १९५२ मध्ये पोट्टी श्रीरामुलू यांनी तेलुगू लोकांच्या राज्यासाठी उपोषण करून प्राण सोडले. पुढच्या वर्षी आंध्र राज्य झाले. मग सरकारने न्यायमूर्ती फाजल अली यांच्या अध्यक्षतेखाली राज्य पुनर्रचना आयोग नेमला. मराठी लोकांना मुंबईसह एक राज्य हवे होते. यालाच संयुक्त महाराष्ट्राची मागणी म्हणत. १९५५ साली आयोगाचा अहवाल आला. त्याने विदर्भाचे वेगळे राज्य आणि बाकी मराठी व गुजराती भागांचे मिळून एक राज्य सुचवले. ते लोकांना पटले नाही. नंतर मुंबई शहर वेगळे ठेवण्याची योजना निघाली. तीही पटली नाही. मुंबईत गुजराती व्यापाऱ्यांचे भांडवल होते, मराठी कामगारांचे कष्ट होते आणि देशाच्या सर्व भागांतून आलेली माणसे होती. म्हणून दिल्लीला ती कोणा एकाच्या हाती द्यावीशी वाटत नव्हती. मराठी माणसाला वाटत होते, की आजूबाजूचा सारा मुलूख मराठी असताना मधले शहर तेवढे तोडणे हा अन्याय आहे. आपल्या कुलाबा जिल्ह्यातील किती तरी घरांची चूल मुंबईच्या गिरणीतल्या आणि गोदीतल्या पगारावर पेटत होती. रेवस आणि उरणहून बोटीत बसले की मुंबई समोरच.

२१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत विधानसभेवर मोर्चा निघाला. पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे मेली. १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्र सरकारच्या ताब्यात राहील, अशी घोषणा पंतप्रधान नेहरूंनी आकाशवाणीवरून केली. शहर पेटले. दंगली झाल्या, लुटालूट झाली आणि आठवडाभर गोळीबार होत राहिला. या संपूर्ण चळवळीत शंभरावर माणसांचे बळी गेले. मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ हुतात्मा चौक आहे, तेथे त्यांचे स्मारक आहे.

चिंतामणराव दिल्लीत मंत्री होते. पण ते मराठी भाषिक होते आणि कुलाब्याच्या लोकांनी निवडून दिलेले होते. मंत्रिमंडळाचा एक नियम असतो. आत कितीही मतभेद असले, तरी बाहेर सर्व मंत्र्यांनी एका निर्णयाची जबाबदारी घ्यायची. ज्याला ते शक्य नसेल, त्याने पद सोडायचे. चिंतामणरावांनी जानेवारीतच राजीनामा देऊ केला. परंतु अंदाजपत्रक तोंडावर आले होते, विम्याचे काम अर्ध्यावर होते आणि प्रश्नातून काही मार्ग निघेल अशीही आशा होती. ते थांबले. २९ फेब्रुवारीला त्यांनी अंदाजपत्रक मांडले. महाराष्ट्रात काही लोक त्यांच्यावर रागावले. माणसे मरत असताना हा माणूस खुर्चीत कसा बसतो, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांचे थांबणे बरोबर होते की चूक, यावर आजही दोन मते होऊ शकतात.

जूनमध्ये मुंबईला काँग्रेसची बैठक झाली. त्या वेळी नेहरूंनी जाहीर केले, की मुंबई पाच वर्षे केंद्राच्या ताब्यात राहील. आता मार्ग उरला नाही, असे चिंतामणरावांना वाटले. जुलैमध्ये त्यांचा राजीनामा स्वीकारला गेला आणि २५ जुलै १९५६ रोजी ते लोकसभेत निवेदन करण्यासाठी उभे राहिले.

नेहरू आणि चिंतामणराव यांचे संबंध चांगले होते. नेहरूंनीच त्यांना मंत्रिमंडळात आणले होते. तीन वर्षांपूर्वी, २२ जानेवारी १९५३ रोजी, चिंतामणरावांचा विवाह दुर्गाबाई यांच्याशी झाला. दुर्गाबाई घटना समितीच्या सभासद होत्या आणि स्त्रियांच्या शिक्षणासाठी त्यांनी फार मोठे काम केले. चिंतामणरावांच्या पहिल्या पत्नी रोझिना १९४९ साली वारल्या होत्या. हा विवाह नोंदणी पद्धतीने झाला आणि साक्षीदार म्हणून खुद्द नेहरूंनी सही केली. अशा माणसाविरुद्ध भर लोकसभेत बोलायचे होते.

चिंतामणरावांनी मुख्यतः दोन गोष्टी मांडल्या. एक म्हणजे मुंबईसंबंधीचा एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात नीट विचारविनिमय न करता जाहीर झाला. राज्यघटनेप्रमाणे कारभार मंत्रिमंडळाचा असतो, एकट्या पंतप्रधानांचा नसतो, हा त्यांचा मुद्दा होता. दुसरी गोष्ट गोळीबाराची. इतकी माणसे पोलिसांच्या गोळ्यांनी मेली, तरी सरकार न्यायालयीन चौकशी करायला तयार नाही, याचे त्यांना फार दुःख होते. न्यायालयीन चौकशी म्हणजे न्यायाधीशाने दोन्ही बाजूंचे ऐकून खरे काय झाले ते ठरवणे. गोळीबार करावाच लागला असेल, तर तेही चौकशीत दिसेल. मग तिला नकार का? मराठी लोकांविषयी आकस आहे, असा लोकांचा समज यामुळे होतो आणि तो आपल्यालाही खरा वाटू लागला आहे, असे त्यांनी स्पष्टपणे सांगितले.

नेहरूंनी हे आरोप मान्य केले नाहीत. निर्णय योग्य रीतीने झाला होता आणि धोरण सांगण्याचा पंतप्रधानाला अधिकार आहे, अशी त्यांची बाजू होती. दोघांत उणेदुणे काढणे मात्र झाले नाही. त्या दिवसाचे कामकाज वाचताना आज हीच गोष्ट विशेष वाटते.

महाराष्ट्रात चिंतामणरावांच्या राजीनाम्याचे मोठे स्वागत झाले. ऑगस्टमध्ये संसदेत पुन्हा वारे फिरले. पुष्कळ खासदारांनी मिळून मराठी आणि गुजराती भागांचे मुंबईसह एकच मोठे राज्य करावे, असे सुचवले आणि लोकसभेने ते मान्य केले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे द्विभाषिक राज्य सुरू झाले. लोकांचे समाधान त्यानेही झाले नाही. १९५७ च्या निवडणुकीत कुलाब्याने संयुक्त महाराष्ट्र समितीच्या बाजूचा उमेदवार निवडून दिला. शेवटी १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले. गोळीबाराच्या न्यायालयीन चौकशीची मागणी मात्र तशीच राहिली.

मंत्रिपद गेले तरी चिंतामणराव रिकामे बसले नाहीत. त्याच वर्षी ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. मौलाना अबुल कलाम आझाद तेव्हा देशाचे शिक्षणमंत्री होते. मौलानांच्याच काळात संगीत नाटक अकादमी, साहित्य अकादमी आणि ललित कला अकादमी या संस्था निघाल्या होत्या आणि त्या वेळी तिजोरीच्या किल्ल्या चिंतामणरावांकडे होत्या. गरीब देशाने पोटाची सोय करावी की गाण्या-बजावण्यावर खर्च करावा, असा प्रश्न तेव्हाही विचारला जात असे. चिंतामणरावांचे स्वतःचे उत्तर त्यांच्या वागण्यात दिसते. रिझर्व्ह बँकेच्या कामाच्या धबडग्यात त्यांनी कालिदासाच्या ‘मेघदूत’ काव्याचे मराठी पद्यात भाषांतर केले होते. हिशेबाच्या भाषणातही त्यांना संस्कृत सुभाषिते आठवत. पुढे त्यांनी स्वतः संस्कृतात कविता रचल्या आणि गांधीजींचे विचार संस्कृत श्लोकांत आणले.

आयोगावर असताना नव्या विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना पैसा कसा द्यायचा, ग्रंथालये आणि प्रयोगशाळा कशा उभ्या करायच्या, हे त्यांनी पाहिले. १९६२ ते १९६७ या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. दिल्लीत लोदी बागेला लागून इंडिया इंटरनॅशनल सेंटर ही संस्था आहे. देशोदेशीचे विद्वान, लेखक आणि कलावंत तेथे एकत्र येतात. तिचे पहिले अध्यक्ष चिंतामणरावच. १९५९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६९ साली त्यांनी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली आणि ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले. १९७५ साली सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले.

म्हातारपणी ते दुर्गाबाईंबरोबर हैदराबादला राहिले. तेथे दुर्गाबाईंनी स्थापन केलेल्या शाळा, महाविद्यालये आणि रुग्णालय होते. मे १९८१ मध्ये दुर्गाबाई वारल्या. त्याच वर्षी चिंतामणरावांचे ‘अमरकोश’ या जुन्या संस्कृत शब्दकोशावरचे पुस्तक बाहेर पडले. तेव्हा ते पंचाऐंशी वर्षांचे होते. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले. रोह्यात त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे.